गाण्यापायी मारलेला भाऊ

दिग्रसमध्ये निओ सोल आणलं ते आम्ही दोघांनी. आमच्या आधी तिथं लग्नाचा बँड, कव्वाली, भीमगीतं आणि भजनी मंडळ होतं. आमच्यानंतरही तेवढंच आहे. मधल्या दीड वर्षाची नोंद संगीताच्या इतिहासानं घेतली नसेल, तर नुकसान इतिहासाचं.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. माझा जोडीदार पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा आणि उरसात कव्वालाच्या मागे बसून साथ धरायचा. तो गायला लागला की शेजारच्या सरकी काढायच्या जिनातली यंत्रं लाजून बंद पडत. लोक म्हणतात, वीज जायची. लोकांना काय कळतं!

यवतमाळच्या एका स्टुडिओवाल्यानं आम्हाला अमेरिकेतल्या एका जोडीची निओ सोलची सीडी ऐकवली. ठोका संथ, आवाज जाड, आणि ते दोघं कानाशी बसून बोलल्यासारखं गात होते. जोडीदार म्हणाला, "हे तं आपलंच हाये. फक्त यायले घाई नाही."

मग आम्ही घाई नसलेली आठ गाणी केली. त्यातलं खरं गाणं एकच. त्याची बायको केळापूरला माहेरी निघाली की तो दर खेपेला स्टँडवर तिची पिशवी धरून ठेवायचा, त्यावरचं. 'थांब ना जरा, बस निघाली तर निघू दे.' चाल माझी, असं मी सांगतो. चालही त्याचीच होती.

आमच्याकडे नवीन कॅसेट आधी कापूस खरेदी केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर वाजवायची रीत. तिथं कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग तीन-तीन दिवस हलायची नाही, त्यामुळे श्रोता पळून जाऊ शकत नसे. पहिल्या गाण्याला एकानं बंडीवरूनच विचारलं, टेप रेकॉर्डरचे सेल उतरले का? दुसऱ्याला बैल झोपले. पण बसच्या गाण्याला एक म्हातारा उठून टपरीपाशी आला आणि म्हणाला, पुन्हा लाव. संध्याकाळपर्यंत ते एक्केचाळीस वेळा वाजलं. बैलसुद्धा ठेक्यावर शेपटी हलवत होते. रांगेतली माणसं आपापल्या बायकांच्या आठवणी काढून हसत होती. जोडीदार टपरीमागे उभा राहून ऐकत होता. आमच्या अल्बमचं खरं परीक्षण तेवढंच झालं.

त्या वर्षांत शहरातली माणसं आमच्या जिल्ह्यात मेलेले शेतकरी बघायला यायची. बोंडअळीनं खाल्लं नाही तेवढं त्यांच्या गाड्यांच्या धुळीनं खाल्लं. अशाच एका मंडळीनं यवतमाळच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठेवला. स्टेजला कापसाच्या पऱ्हाट्या बांधल्या होत्या, बोंडांसकट. आयोजकानं गाण्यांचा कागद वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "यात कापसाचं दुःख कुठे आहे?"

मी माइक घेतला. सांगितलं, पुढचं गाणं माझ्या जोडीदारानं भावासाठी केलंय. भावानं फवारणीचं औषध घेतलं.

भाऊ त्या घडीला दिग्रसला घरी कोंबडीचा रस्सा ओरपत होता. जोडीदार माझ्याकडे वळायच्या आत मी सूर धरला, आणि सूर धरला की तो थांबू शकत नसे. बसची ओळ आली तेव्हा वाटलं, आता पकडलो. या गाण्यात बस कुठून आली? पण पहिल्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

पेपरात छापून आलं, काळ्या मातीचा हुंदका. दोन दिवसांनी सांत्वनाला लोक आले. दार भावानंच उघडलं. आपण मयताचे कोण, असं त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "मीच." हा किस्सा मी पुढे फार रंगवून सांगितला. त्या दोघा भावांची आई तेव्हा पुसदला लेकीकडे होती. तिला कुणीतरी तोच पेपर वाचून दाखवला होता. हे मात्र मी सांगत नसे.

जोडीदार माझ्या घरी आला. चहा घेतला नाही.

"अम्मी बसमंदी रडत आली, पुसदपासून. पुढच्या पोग्रामात तूच सांग, भाऊ जिता हाये. अन् गाणं कोनावर हाये, तेही सांग. घरवाली मले इचारून राह्यली, आता ते गाणं कोनाचं?"

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे इथं लिहून ठेवतो.

पुढचा कार्यक्रम नागपूरला होता. हॉल एवढा मोठा की शेवटच्या रांगेत वेगळं हवामान होतं. मी माइकपाशी गेलो, भाऊ जिवंत आहे हे वाक्य तोंडात तयार होतं. समोर हजार माणसं गप्प बसली होती, माझ्यासाठी. ऑर्केस्ट्रात माझ्यासाठी कधी कुणी जेवायचंही थांबलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि त्या भावाला दोन लहान मुलीही देऊन टाकल्या.

सूर धरला. जोडीदार माइकपाशी आला. गायला नाही. त्यानं हात लांब करून माइकचं बटण बंद केलं, पायऱ्या उतरला आणि मधल्या वाटेनं, खुर्च्यांच्या मधून, दाराबाहेर निघून गेला.

लोकांना वाटलं, भावाच्या आठवणीनं गळा दाटला. आधी यवतमाळच्या त्या चष्मेवाल्या बाईंसारखी माणसं उठली, मग अख्खा हॉल उठला. एवढ्या टाळ्या आमच्या आठही गाण्यांना मिळून पडल्या नव्हत्या. त्या थांबेपर्यंत मी खाली मान घालून वाजवत राहिलो.