शापित गाण्याची चाचणी

एका गाण्यामुळे माझ्या मुलीचं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं, आणि ते गाणं मीच म्हणत होतो.

मी लखनौच्या मानक नगरात राहतो. रेल्वेच्या डब्यांच्या स्प्रिंगा तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्या रविवारी दुपारी इंदिरा नगरचे नाईक पतिपत्नी, म्हणजे मुलाचे आईवडील, आमच्या ईशाच्या साखरपुड्याची बोलणी करायला आले होते. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात मी सवयीने एक जुनं रडकं सिनेगीत गुणगुणलो आणि नाईकवहिनींच्या हातातली खस्ता कचोरी हातातच राहिली.

"भाऊ, ते नका गाऊ! शेवटचं कडवं ऐकलं की जमलेलं लग्न मोडतं. आमच्या सेक्टरमध्ये बँडवाल्याने वाजवलं, तर पूरी बारात दारातून परत गेली!"

"आणि लिहिणाऱ्याने गोमतीत उडी मारली," नाईकसाहेबांनी भर घातली.

(लिहिणारा मुंबईचा. जीव द्यायला लखनौपर्यंत यायचं, तर त्याला कन्फर्म तिकीट कसं मिळालं, हे मात्र कोणी सांगत नाही!)

शहाण्या माणसाने इथे विषय बदलला असता. मी म्हणालो, "पूर्ण म्हणूनच दाखवतो. बघू काय होतं!"

"अहो!" स्वयंपाकघरातून बायको, सुनंदा.

"पापा, प्लीज यार!" ईशा.

मी सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला वीज गेली! खरं सांगतो, घाबरलो. तरी शेवटचं कडवं नेटाने संपवलं.

"झालं काही? पण एका रीडिंगवरून निष्कर्ष काढत नाहीत. निदान तीन हवीत."

आणि मी पुन्हा सुरुवात केली! नाईकसाहेब बंद पंख्याकडे बघत बसले. तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरचे मिश्राजी जिन्यातून धावत आले. "भाईसाहब, सब ख़ैरियत? कोई गुज़र तो नहीं गया?"

पाहुणे चहा न घेताच उठले. ईशा खोलीत जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं. पुढचे दोन दिवस मी घरात शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

तिसऱ्या दिवशी नाईकवहिनींचा फोन आला. सुनंदाने स्पीकर लावला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे हो. आणि गाण्याची भीती पार गेली. तीनदा ऐकलं, काही झालं नाही. अट एकच. लग्नात भाऊंच्या हाती माईक द्यायचा नाही."

"डन, आंटी!" ईशा माझ्याआधीच ओरडली.

चाचणीचा निकाल असा लागला: गाणं पास, गायक नापास!