साहेबांच्या खुर्चीमागची कविता

चिनी नववर्षाच्या आधी साहेबांना दोन संत्री द्यायची, दोन्ही हातांनी द्यायची, की झालं. वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात सगळे तेवढंच करत. मला मात्र नको तिथे शहाणपणा सुचतो. त्या वर्षी माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परक्या देशात नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. नवऱ्याचं आणि लेकीचं इथलं राहणं माझ्याच पासवर होतं आणि रिन्यूअलची शिफारस साहेब करणार होते. म्हणून संत्र्यांऐवजी मी तोआ पायोहमध्ये ब्रशने कविता लिहून विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून भिंतीवर टांगायची गुंडाळी घेतली. मला चिनी वाचता येत नाही. जिची अक्षरं सगळ्यांत झोकदार, ती उचलली. "जुनी कविता, फार मोठ्या माणसाची," एवढं तो म्हणाला. मला तेवढं पुरलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ती साहेबांना दिली आणि संध्याकाळी जुरोंग ईस्टच्या घरी लेकीला कौतुकानं फोटो दाखवला. ती शाळेत चिनी शिकायची, कविता तिला पाठच होती.

"आई, ही वॉन्ट्स टू बी किंग लाह," ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली आणि अर्थ सांगितला. पूर्वीचा एक सरदार डोंगरावर उभा राहून खालचं राज्य बघतो आणि म्हणतो, सिंहासनावर बसलेल्याचे दिवस भरले, आता मी येतो.

"म्हणजे साहेबांच्या खुर्चीवर तुझा डोळा आहे, हे तूच लिहून दिलंस," नवरा हसत म्हणाला.

सुट्टीचे दोन्ही दिवस मी भीतीत काढले. लेकीची शाळा, घराचा करार, पुण्याला परत जाऊन लोकांना काय सांगायचं, सगळं डोळ्यांपुढे येई. खाली नववर्षाचा, सिंहाचं सोंग घेऊन करतात तो नाच चालू होता. त्याचे ढोल घरात ऐकू येत. साहेबांना मेल लिहून मी चार वेळा पुसली.

कामाच्या पहिल्याच सकाळी बोलावणं आलं. कविता त्यांच्या खुर्चीमागे टांगलेली होती. त्यांनी दार लावून घेतलं.

"ही कुणी निवडली?"

"मीच." खोटं बोलायचं सुचलंच नाही.

ते कवितेकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं झाली, माझ्या मनातलं कुणी ओळखलं नव्हतं." आणि वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर डायरेक्टर बसत.

मग त्यांनी माझा रिन्यूअलचा फॉर्म ओढून सही केली. फॉर्म अजून त्यांच्याच हातात होता. "तुमची टीम दर आठवड्याला वर मीटिंगला जाते ना? तिथे काय बोलणं होतं ते मला सांगत जा."

मी होकारार्थी मान हलवली.

पास आला त्या दिवशी घरी मी शिरा केला. नवरा म्हणाला, उगाच घाबरलीस. पुढची दोन वर्षं, वरच्या मीटिंगहून लिफ्टने खाली आले की दर वेळी मी आधी साहेबांच्या दारावर टकटक करायची.