उमाकाकूंच्या खोलीतला नवा एसी

उमाकाकू तीस वर्षं वाचनालयात नोकरीला होत्या. घरी नेलेलं पुस्तक परत करायला एक दिवस उशीर झाला तर स्वतःच्याच नावाने दंडाची पावती फाडायच्या. आळीत सगळ्यांना त्यांच्या या खरेपणाचं भारी कौतुक. मी शेजारीण, मलाही होतं. २००८च्या मे महिन्यात ते पार आटलं.

उन्हाळा काकूंना सोसत नसे. अंगभर पुरळ उठायचं, जीव घाबरा व्हायचा. म्हणून त्यांच्या यजमानांनी, दत्तात्रेयकाकांनी, अठ्ठ्याण्णव साली कुणाचा तरी जुना खिडकीतला एसी आणून त्यांच्या खोलीत बसवला. तो गिरणीसारखा घरघरायचा, बिलही भरमसाट यायचं. पण काका गेल्यावरही काकू उन्हाळ्यात दुपारी तासभर तिथे शांत झोपत. जन्मभरात स्वतःसाठी केलेली तेवढीच चैन.

मग त्यांचा मुलगा वरद मुंबईहून आला. म्हणाला, "आई, हे धूड काढून टाकू. आता स्टारवाले एसी आलेत, वीज कितीतरी कमी लागते."

मला वाटलं, चला, पोराला आईची आठवण झाली. कसली आठवण! एसी घेतला आपल्या कंपनीच्या नावावर. तसा घेतला की दरवर्षी घसारा दाखवता येतो, टॅक्स वाचतो, असं मलाच ऐटीत समजावून सांगितलं त्याने. त्यासाठी खोली कंपनीला भाड्याने दिल्याच्या कागदावर काकूंची सही घेतली. दारावर 'शाखा कार्यालय' अशी पाटी ठोकली. काकूंची खाट पडवीत काढली आणि आत टेबल-खुर्ची मांडून फोटो काढले.

"आता खाट आत घेतलीस तरी चालेल," रिक्षात बसता बसता तो म्हणाला.

काकूंनी खाट आत घेतली नाही.

"अहो, कोण येतंय बघायला?" मी चिडून विचारलं.

"कोणी नाही येत गो. पण सही माझी आहे ना? ऑफिस म्हणून लिहून दिलंय, मग तिथे निजू कशी?"

"मग सही केलीत कशाला?"

"वरदने आजवर काही मागितलंन नाही माझ्याकडे. नाही कसं म्हणू?"

कपाळ! पडवीवर पत्रे. ऐन वैशाखात दुपारी काकू तिथे पडून असायच्या आणि आत थंडगार होऊ शकणारी खोली बंद.

एका दुपारी भांडी घासायला आलेल्या येसूबाईने मला हाक मारली. काकू खाटेखाली पडल्या होत्या, अंग भाजत होतं. आम्ही दोघींनी त्यांना उचलून खोलीकडे नेलं, तर त्या अवस्थेतही बाईने दाराची चौकट घट्ट धरली. "तिथे नको," म्हणाल्या. शेवटी तसंच दवाखान्यात नेलं.

काकू घरी आल्या त्या दिवशी वरद बायकोला घेऊन आला आणि वर आईलाच रागावला. "एवढा नवा एसी असताना पडवीत कशाला निजलीस?"

मीच म्हटलं, "वरद, ती पाटी काढ आधी."

"राहू दे हो. अजून रिटर्न भरायचंय."

जेवण झाल्यावर दोघं नवरा-बायको एसी लावून खोलीत आडवी झाली. चार वाजता काकू चहा घेऊन गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. तरी त्या पाटीखाली थांबल्या, हळूच कडी वाजवली आणि म्हणाल्या, "आत येऊ का?"