मामीची लाल रेघ

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. ब्रेक नाही, गियर नाही, रेस नाही. समोर दुसऱ्याची पाठ आणि आत स्वतःची तगमग. सत्तरच्या दशकातल्या एका वैशाखात सातारा ते सांगली असा मी मामांच्या मागं बसून गेलो. एवढी चुळबूळ मी पुढं स्वतःच्या लग्नातही केली नाही.

नोकरीला मी साताऱ्यात होतो, पण जीव सांगलीत, आमच्या हौशी नाटकमंडळीत. त्या संध्याकाळी स्पर्धेचा प्रयोग होता. माझं काम पोलीस इन्स्पेक्टरचं. शेवटच्या अंकात मी दारातून आत येतो, टोपी काढतो आणि सगळ्या भानगडीचा उलगडा करतो. काम लहान, पण टाळ्या त्यालाच. माझा गणवेश साताऱ्याच्या एका शिंप्याकडं होता. त्यानं शेवटचं बटण लावेपर्यंत माझी एसटी निघून गेली. आणि सांगलीत आमचा प्रॉम्प्टर टपलेला! त्याला अख्खं नाटक पाठ होतं. प्रत्येक तालमीनंतर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुला कधी ताप-बीप आला तर बिनघोर झोप हां. मी आहे." इतक्या मायेनं म्हणायचा की मला खरंच ताप यायचा.

मी गणवेश अंगावरच चढवला आणि साताऱ्यातच राहणाऱ्या मामांच्या घरी धाव घेतली.

मामा लष्करात मोटारसायकलवरून डाक पोचवायचे. निवृत्त झाल्यावरही गाडी चालवायची पद्धत तीच. गियर बदलला की मोठ्यानं पुकारायचे, "दुसरा! तिसरा! टॉप!" मागच्यानं सावरून बसावं म्हणून. हँडल मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

महिन्याभरापूर्वी त्यांच्या गाडीचं इंजिन भर रस्त्यात जाम झालं होतं आणि मामा-मामी दोघं उसाच्या फडात जाऊन पडले होते. मामांच्या लेखी ते किरकोळ होतं, मामीच्या लेखी नव्हतं. मग कराडजवळच्या मलकापुरात नवा बोअर-पिस्टन झाला. मेकॅनिकनं बजावलं, गाडी रनिंगमध्ये आहे, नवे भाग रुळेपर्यंत मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर इंजिन न्यायचं नाही. फेरे मोजायचे कसे? मामांनी लष्कराच्या भंगारातल्या एका विलायती मोटारसायकलचं आरपीएम मीटर मिळवलं आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून आपल्या गाडीला बसवून घेतलं. चार हजाराचा आकडा जिथं होता, तिथं मामीनं काचेवर मेण लावलं आणि त्यावर कुंकवाची उभी रेघ दाबली. कपाळावर लावतात तशीच.

"आवं, काटा ह्या रेघंच्या म्होरं गेला," ती मामांना म्हणाली, "तर पुन्यांदा गाडीला हात लावायचा न्हाई. माझी आन हाय."

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला जास्त पळू नये म्हणून गव्हर्नर असतो. मामांच्या गाडीला मामी होती.

आता यातली गंमत, जी आम्हाला फार नंतर कळली. ते मीटर अशा दांड्याला जोडायचं होतं, जो इंजिनाच्या निम्म्या गतीनं फिरतो. लेथवाल्यानं ते थेट मुख्य दांड्याला जोडलेलं. त्यामुळं काटा सगळं दुप्पट दाखवायचा. इंजिन दोन हजारांवर आलं की काटा कुंकवाला टेकलेला! मामा ज्या गतीला जपून-जपून चालले होते, ती मेकॅनिकनं सांगितलेल्या गतीच्या बरोबर निम्मी होती.

आणि मला सांगलीला पोचायचं होतं.

"दुसरा!" मामा म्हणाले. गाडीनं अजून वेग घेतला नव्हता. "तिसरा!" इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकलं. "टॉप!" गाडी थरथरायला लागली, तिच्याबरोबर मीही.

"मामा, थोडी रेस द्या की."

"काटा बघ."

"काटा राहू द्या, माझा अंक बघा!"

"गप बस रं. हालू नगंस, ब्यालन्स जातोय."

मी कधी डावीकडं सरकायचो, कधी उजवीकडं. घड्याळ बघायचो, टोपी सावरायचो, मामांच्या खांद्यावरून काट्याकडं बघायचो. काटा रेघेशी लाडात आल्यासारखा टेकलेला. भरलेला मालट्रक आमच्या पुढं गेला. नंतर ट्रॅक्टर गेला. उंब्रजजवळच्या उतारावर एक सायकलवाला दूधवाला कॅन खडखडवत आमच्या बरोबरीला आला आणि गप्पाच मारायला लागला.

"रामराम सायेब! कुनाला धरायला निगालाय?"

"कुणाला नाही. नाटक आहे सांगलीत."

"कवा?"

"आज."

त्यानं आमच्या गाडीकडं नीट बघितलं. "बसा माझ्या क्यारेजवर. कॅन त्यांच्याकडं द्या." आणि हसत-हसत तो पुढं निघून गेला.

कराड ओलांडल्यावर मामांनी एका हॉटेलासमोर गाडी उभी केली. रनिंगमधल्या इंजिनाला विसावा हवा म्हणे. मामा चहा बशीत ओतून, फुंकून, पुरवून-पुरवून पीत होते. मी हॉटेलाभोवती येरझाऱ्या घालत होतो. हॉटेलवाल्याला वाटलं छापा पडला. त्यानं न मागता माझ्यापुढं भज्यांची ताटली ठेवली. मी ती उभ्या-उभ्या खाल्ली.

बाहेर गाडी उन्हात तापत उभी होती. आम्ही परत आलो आणि मी बघतच राहिलो. मेण वितळलं होतं. मामीची रेघ कडेच्या रिंगेला धरून उजवीकडनं खाली घसरली होती, चार हजारावरून साडेपाच हजाराच्या जवळ.

मामांनीही बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मामा, रेघ खाली आली."

"तू हात लावला?"

"नाही."

"मी लावला?"

"नाही."

"मंग?" मामांनी किक मारली. "तुज्या मामीनं सांगितलंय, काटा रेघंच्या म्होरं न्यायचा न्हाई. रेघ कुटं असावी, त्ये रेघंनं बघावं."

आणि त्यांनी मूठ पिळली. "दुसरा!" ही हाक कराडपर्यंतच्या हाकांसारखी नव्हती. "तिसरा!" माझी टोपी उडाली, मी ती हवेत पकडली. "टॉप!" काटा नव्या रेघेपर्यंत गेला आणि इंजिन पहिल्यांदाच मोकळ्या गळ्यानं गायला लागलं. इस्लामपूर आलं, गेलं. आष्ट्याजवळ तो ट्रॅक्टर भेटला, त्याला आम्ही मागं टाकलं. तरी माझी चुळबूळ थांबेना. सूर्य आमच्यापेक्षा जोरात चालला होता.

थिएटरच्या मागच्या दाराशी मी उडी मारली. आत शेवटचा अंक सुरू. विंगेत दिग्दर्शक डोकं धरून उभा, आणि प्रॉम्प्टर? प्रॉम्प्टर रंगमंचावर! धोतर-सदऱ्यात, छाती काढून, सांगत होता, "मी इन्स्पेक्टर. साध्या वेशात आलोय."

मागं फिरणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी दारातून आत शिरलो. धुळीनं माखलेला, पाय अजून इंजिनासारखे थरथरतायत.

"शाब्बास हवालदार!" मी गरजलो. "साध्या वेशात येऊन माझं नाव सांगितलंत, आरोपी फसला! आता बाजूला व्हा."

प्रॉम्प्टरनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या तालमींमधलं त्याचं स्वप्न मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यानं टाच आपटून कडक सलाम ठोकला.

"व्हय सायेब! पर तुमी लय उशीर क्येला. आरोपी दोनदा मुतून आला."

जो हशा उठला, तो पडदा पडेपर्यंत पुरला. उलगडा मीच केला, पण प्रेक्षक सगळा वेळ हवालदाराकडं बघत होते. तो नुसता कान खाजवायचा आणि लोक हसायचे.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकानं आधी आम्हा दोघांना शिव्या दिल्या, मग म्हणाला, "हवालदार नाटकात राहणार."

"मग प्रॉम्प्टिंग कोण करणार?" प्रॉम्प्टरनं विचारलं.

दिग्दर्शकानं माझ्याकडं बोट दाखवलं. "पहिल्या दोन अंकांत इन्स्पेक्टर रिकामाच असतो."

पुढच्या प्रत्येक प्रयोगाला पडदा उघडायच्या कितीतरी आधी मी विंगेत हजर असायचो. हातात संहिता, अंगावर गणवेश, आणि डोळे रंगमंचावरच्या प्रत्येकाच्या ओठांवर. कुणी अडखळलं रे अडखळलं, की माझ्या पायांत पुन्हा ते इंजिन सुरू व्हायचं.