दाखल्यावाचून वय

ठिकाण शहापुरातील प्रौढांचा संध्यावर्ग, वेळ दिवेलागणीची, साक्षीदार बीजगणिताचे मास्तर व शेजारी बसणारे एक विणकर. कचेरीच्या भिंतींना आज चुना लावला आणि त्या वासासरशी खडूने माखलेला तो फळा आठवला. मॅट्रिक झालो असतो, तर कचेरीच्या ओट्यावर अर्ज लिहिणारा मी आत कारकुनाच्या खुर्चीवर बसलो असतो. वर्गातल्या त्या संध्याकाळी दिवसभर लोकांची गाऱ्हाणी लिहून बोटे आखडली होती. मास्तर म्हणाले, "बाप मुलाच्या तिप्पट वयाचा. मुलाचे वय क्ष मानू." मी उठून नम्रपणे विचारले, "जन्माचा दाखला नसता वय कसे मानावे?" विणकर हसले, "अण्णा, हितं कोण उलटतपासणी घेतंय? माना की, घरला जाऊ या!" मास्तरांनी थकून डोळे चोळले. "मानल्याशिवाय पुढची पायरी नाही हो." पण माझा हात पुढे सरकेना. पाटी कोरीच ठेवून मी उठलो, आणि परीक्षेला बसणे राहूनच गेले. आता केस पिकले. ओटा तोच आहे. तरी जे कागदोपत्री सिद्ध नाही ते धरून माणसाने पुढे कसे जावे, याचा खुलासा कोणा जाणत्याने करावा, ही अर्जदाराची विनंती.