पुसलेले मेल परत येतात

जया हिंजवडीतल्या एका कंपनीत बरीच वर्षं कामाला आहे, तरी ती तिथं नेमकं काय करते हे जवळच्याच नेऱ्यात, तिच्या सासरी, कुणालाच धड सांगता येत नाही. तिच्या सासूबाई, साळूबाई, विचारणाऱ्याला सांगतात, "कंपूटर दुरुस्त करती." ते निम्मंच खरं आहे. कंपनीतल्या लोकांचं काही अडलं की जो फोन लावायचा, तो फोन जया उचलते. त्यातले निम्म्याहून जास्त फोन मेलचे असतात. वेबवर मेल दिसतो, पण कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमवर येत नाही. किंवा इथून पाठवलेला तिथं दिसत नाही. जया घाई करत नाही. समोरच्याला, तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलंत, असं कधी म्हणत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "शेवटचं नीट कधी चालत होतं?"

माहेर तिचं मुळशीचं, धरणाच्या काठावरचं. बारावीनंतर पौडला येऊन-जाऊन तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लगेच लग्न होऊन नेऱ्याला आली. सासरी तोवर शेतीचं रूप पालटलं होतं. काही रान विकलं गेलं होतं, रस्त्याकडच्या रानात भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, आणि ओढ्याच्या अंगाला तेवढा इंद्रायणी भात उरला होता. घरात भाडं येतंय तर सुनेला नोकरी कशाला, असं भावकीत बोललं गेलं. तेव्हा साळूबाईच म्हणाल्या होत्या, "तिला येतंय तर करू दे. माज्यावानी भाडेकरूंचं पानी सोडत बसायचं हाय का तिनं?"

त्या खोल्यांपैकी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जान्हवी आणि पियूष राहायला आले. दोघंही उदगीरकडचे. तो एका कंपनीत प्रोग्रॅमर, ती शेजारच्या मारुंजीत एका ऑफिसात हिशेबाला. शांत बिऱ्हाड. संध्याकाळी दोघं गच्चीवर चहाचे कप घेऊन उभे दिसायचे. मग पियूषला ताप येऊ लागला, उतरेना, आणि रक्ताचा कर्करोग निघाला. दवाखाना, सुया, पुन्हा दवाखाना, यातच वर्ष सरत आलं आणि पियूष गेला. तेराव्यानंतर जान्हवी एकटीच परत आली. साळूबाईंनी भाड्याचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी जिन्यातून हाक मारून ती जेवली का एवढं त्या विचारत.

एका शनिवारी जान्हवी लॅपटॉप छातीशी धरून खाली आली. जया अंगणात कपडे वाळत घालत होती.

"ताई, तुमचं मेलचंच काम असतं ना?"

"हो. काय झालं?"

"पियूषचं खातं आहे. पीएफचं, विम्याचं सगळं त्याच्यावरच येतं, म्हणून रोज उघडावं लागतं. त्यात दवाखान्याचे मेल आहेत. रिपोर्ट, तपासणीच्या तारखा. मी ते पुसते. पण दुसऱ्या दिवशी सगळे परत तिथंच असतात."

जयानं नेहमीचा प्रश्न विचारला. जान्हवी म्हणाली, "बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, तू पुसलंच नसशील, तुला तसं वाटत असेल. डॉक्टरकडे घेऊन गेली. झोपेच्या गोळ्या चालू आहेत. आता मलाही कळत नाही, मी खरंच पुसते की नाही."

जयानं हातातला पिळा बादलीत ठेवला. "पुसत असाल," ती म्हणाली. "चला, बघू."

तिला यात अवघड असं काही वाटलं नव्हतं. लॅपटॉपमधला प्रोग्रॅम जुन्या पद्धतीनं जोडलेला होता. तो वेबवरच्या मेलची नुसती प्रत उतरवून आणायचा. इथं पुसलं, तरी वेबवर मूळ मेल तसाच राहायचा आणि फिरून उतरायचा. जयानं आधी सगळ्या मेलची वेगळी प्रत काढून ठेवली, मग खातं नव्या पद्धतीनं जोडलं. आता इथं केलेलं तिथं आणि तिथं केलेलं इथं, दोन्हीकडं सारखंच दिसणार होतं. जान्हवीनं तिच्यासमोर दवाखान्याचा एक मेल पुसला. वेबवरूनही तो गेला आणि कचरापेटीत जाऊन पडला. जान्हवी कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली.

दोन-तीन दिवसांत ती पुन्हा जिन्यात उभी. मेल परत आले होते.

जयानं मग एकेक गोष्ट तपासली. वेबवर कुठला नियम लावून ठेवलाय का, जो मेल आपोआप हलवतो? नव्हता. प्रोग्रॅमची कचरापेटी एक आणि वेबची दुसरी, असं झालंय का? झालं होतं. तेही तिनं सरळ केलं. तरी मेल परत आलेच. कामावर असं घडलं असतं, तर तिनं पुढच्या माणसाकडं सोपवून दिलं असतं. इथं तसं करता येईना. वरच्या खोलीत एक बाई स्वतःच्या डोक्यावर संशय घेत बसली होती, आणि मशीन तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

रविवारी सकाळी जया स्वतःच वर गेली. जान्हवीच्या छोट्या टेबलावर तिनं एका बाजूला प्रोग्रॅम उघडला, दुसऱ्या बाजूला वेब. दोघींनी मिळून दवाखान्याचे सगळे मेल पुसले आणि नुसत्या बघत बसल्या. चहा झाला. खाली साळूबाई नळावर कुणाशी तरी बोलत होत्या.

आणि एक मेल परत आला.

मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरा. मग बऱ्याच वेळानं तिसरा. जया खुर्चीत पुढं सरकली. मशीननं आणले असते, तर सगळे एकदम आले असते. हे कुणीतरी बोटानं एकेक उचलून ठेवावेत तसे येत होते. मध्येच थांबत होते, जणू चष्मा पुसायला. परत येणाऱ्यांत दवाखान्याचेच होते असंही नाही. बुटांच्या दुकानाची जाहिरात, बँकेची कर्जाची ऑफर, जान्हवीनं केव्हाच टाकून दिलेलं तसलं सगळं वर येत होतं.

जयानं खात्याची माहिती उघडली. हे खातं कुठकुठल्या मशीनवर चालू आहे, ते तिथं दिसतं. पहिला हा लॅपटॉप, दुसरा जान्हवीचा फोन, आणि तिसरा एक फोन. ठिकाण उदगीर. खाली लिहिलं होतं, आत्ता चालू आहे.

जान्हवीनं ते वाचलं.

"तो पियूषचा जुना फोन आहे," ती म्हणाली. "मामांकडं. त्यात फोटो आहेत म्हणून मीच ठेवून आले होते."

मामा म्हणजे तिचे सासरे, विठ्ठलराव. उदगीरच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान. तेराव्याच्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की पोराला आधीच मुंबईला न्यायला हवं होतं. जान्हवी उत्तर न देता उठली होती. त्यानंतर दोघं बोललेले नव्हते.

"म्हणजे मी पुसते आणि ते मुद्दाम परत काढतात," जान्हवी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "ताई, तो फोन इथून काढून टाकता येतो ना?"

येत होता. समोरच बटण होतं. ते दाबलं, की उदगीरच्या फोनवरचं खातं बंद झालं असतं आणि मेल परत येणं थांबलं असतं. जयाला शिकवलेलंही तेच होतं. खात्यात अनोळखी कुणी दिसला, तर आधी बाहेर काढा. पण हा अनोळखी नव्हता.

"काढते," ती म्हणाली. "खातं तुमच्याकडचं आहे, तुम्ही म्हणाल तसं. पण एकदा त्यांना विचारा."

"मी नाही बोलणार."

"मी बोलू? तुम्ही नुसतं ऐका."

जान्हवीनं मान हलवली नाही, पण नंबर लावून फोन टेबलावर ठेवला.

पलीकडं, वाजण्याआधीच उचलावा तसा फोन उचलला गेला. "जान्हवी? काय गं, बरी हाईस का?"

"मी जया बोलतेय, नेऱ्याहून. त्या आमच्याकडं राहतात. पियूषच्या मेलचं थोडं विचारायचं होतं."

"बरं झालं बाई तुम्ही फोन केलात," विठ्ठलराव म्हणाले. "मी कुणाला विचारावं म्हणत होतो. माणूस गेला की कंपनी त्याचं खातं मिटवून टाकती म्हणतात. इथं बी तसंच होऊ लागलंय. रोज सकाळी फोन उघडला की काही ना काही कमी. एकदम मिटवीत नाहीत, थोडं थोडं मिटवू लागलेत. शेजारच्या पोरानं ती कचऱ्याची पेटी दाखविली. मग मी रोज त्यातून काढून वर ठेवतो."

"तुम्हाला वाचता येतात ते मेल?"

"इंग्रजी कुठलं येतंय मला. त्याचं नाव तेवढं ओळखतो. वर 'पियूष' असं लिहिलेलं असतंय बघा. नाव दिसलं की ठेवून देतो. कोणतं कामाचं, कोणतं बिनकामाचं, ते मला काय कळतंय."

जयानं जान्हवीकडं पाहिलं. तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं. तशीच ती पुढं झाली आणि फोनजवळ वाकली.

"मामा, ते मी पुसत होते."

पलीकडं पंखा फिरत असल्याचा आवाज येत राहिला.

"तू?" विठ्ठलराव म्हणाले. "मला वाटलं, दुसरंच कुणी."

"ते दवाखान्याचे मेल आहेत, मामा. रोज उघडलं की तेच दिसतात. मला बघवत नाहीत."

"मग पूस तू. मी नाही हात लावणार आता. मला ठावं नव्हतं गं. मी तर रोज तुझ्या समोर आणून ठेवीत होतो म्हण की."

जान्हवी रडली ती तेव्हा. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती, असं तिनं नंतर जयाला सांगितलं. जया उठून खिडकीशी गेली. फोन बंद झाल्यावरच परत येऊन बसली.

"पुसायचे नाहीत," जान्हवी डोळे पुसत म्हणाली. "त्यांच्याकडं राहू देत. फक्त मला दिसायला नकोत. होईल का तसं?"

होण्यासारखं होतं. जयानं खात्यात एक नवं फोल्डर केलं. जान्हवीनं त्याला 'मामा' असं नाव दिलं. दवाखान्याचा कुठलाही मेल आला, की सरळ तिथंच जाऊन पडेल असा नियम लावला, आणि लॅपटॉपवर व जान्हवीच्या फोनवर ते फोल्डर दिसणार नाही असं करून ठेवलं. कचरापेटीतलं उरलेलं सगळं त्यात टाकलं, अगदी बुटांच्या जाहिरातीसुद्धा. विठ्ठलरावांना फोनवर ते उघडायला शिकवण्यात संध्याकाळ गेली. ते दर पायरीला "झालं, दिसलं" म्हणत, आणि दिसलेलं भलतंच असे. जया पुन्हा पहिल्यापासून सांगे.

त्या दिवशी स्वयंपाकघरात तिनं सासूला सगळं सांगितलं. साळूबाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता ऐकत राहिल्या.

"आन् त्वा दाबलं असतंस ते बटान, तर?"

"तर मेल थांबले असते, आत्या."

"म्हातारा रोज बघत बसला आस्ता," साळूबाई म्हणाल्या. "कुनी मिटवलं म्हनून."

जान्हवीच्या गोळ्या लगेच सुटल्या नाहीत. सासऱ्यांशी बोलणंही सरळ झालं असं नाही. मुंबईचं ते वाक्य मध्ये होतंच, आणि ते कुणी उकरून काढलं नाही, मागंही घेतलं नाही. पण रविवारी सकाळी तिचा फोन वाजू लागला. बोलणं थोडकंच व्हायचं, पाऊस पडला का, जेवलीस का, एवढंच.

भात काढणीला आला तेव्हा विठ्ठलराव पियूषचं सामान न्यायला नेऱ्याला आले. बारीक अंगाचा, पांढरी टोपी घातलेला माणूस. जिना चढताना त्यांनी कठड्याला घट्ट धरलं होतं. सामान बांधायचं सोडून त्यांनी आधी फोन काढला आणि जयाला वर बोलावून घेतलं.

"ताई, यात काय लिहिलंय, ते एकदा वाचून दाखवा मला. मी नुसतं नाव बघत आलो."

जया सतरंजीवर बसली. पहिला मेल बँकेचा निघाला. दुसरा प्रवासाच्या तिकिटाचा. तिसरा रक्ताच्या तपासणीचा. तो उघडून ती अडखळली. आकडे होते नुसते, आणि त्यांचा अर्थ काय लावायचा हे तिला ठाऊक नव्हतं.

"द्या इकडं," जान्हवी म्हणाली. ती दारातच उभी होती. जयाच्या हातातून फोन घेऊन ती सासऱ्यांच्या शेजारी बसली. "हा पहिल्या महिन्यातला आहे, मामा. तेव्हा चांगल्या पेशी थोड्या वाढल्या होत्या. त्या दिवशी तो इडली खायला बाहेर पडला होता."

"चालत?"

"हो. चालत."

विठ्ठलरावांनी मान हलवली. "पुढचं वाच."

जया हळूच उठली. दार ओढून घेतलं आणि खाली आली. साळूबाई चुलीपुढं बसल्या होत्या.

"जेवाय थांबत्यात का त्ये?" त्यांनी विचारलं.

"थांबतील," जया म्हणाली. "वेळ लागेल त्यांना."

साळूबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि पातेल्यात आणखी तांदूळ घातले.