उडीतली तार

सिनेमा वाईट होता, हे आधीच सांगून टाकतो. भविष्यातून आलेली यंत्रं, कोसळणारे मनोरे, चेहऱ्यावर एकच भाव घेऊन धावणारा नायक आणि जग वाचवायला उरलेली एक रात्र. यातलं सगळं आम्ही आधी कुठे ना कुठे पाहिलेलं होतं. मध्यंतरात माझ्या मेव्हण्याने पॉपकॉर्न खाता खाता पुढची गोष्ट सांगितली आणि ती तशीच्या तशी घडली. तरी आम्ही घरची सगळी माणसं मुलुंडहून घाटकोपरच्या मॉलमध्ये तो बघायला गेलो, कारण त्यात माझ्या मुलीचं काम होतं.

मुलगी तेव्हा अंधेरीच्या एका स्टुडिओत पुसायचं काम करायची. नायक मनोऱ्यावरून उडी मारतो तेव्हा त्याला तारांनी टांगलेलं असतं. त्या तारा कॉम्प्युटरवर एकेका चित्रातून पुसायच्या आणि तारेमागे जे असायला हवं, आभाळ, भिंत, खिडकी, ते तिथे पुन्हा भरायचं. पापणी लवेपर्यंत संपणारी उडी, पण तिचा अख्खा पावसाळा त्या उडीत गेला. घरी आली की डोळ्यांवर ओल्या रुमालाची घडी ठेवून पडायची. मी एकदा विचारलं होतं की थेटरात तुझं काम ओळखायचं कसं. ती रुमालाखालून हसली.

"बाबा, दिसलं ना, तर माझं चुकलं समज."

हे मला तेव्हाच नीट कळलं होतं. म्हणून पुढे जे केलं ते अजाणता केलं, असं मला म्हणता येत नाही.

थेटरात ती माझ्या शेजारी बसली होती. उडी आली तेव्हा तिने माझं मनगट धरलं. माणूस हवेत गेला, मागून काचेच्या खिडक्या सरकल्या, तो पलीकडच्या गच्चीवर उतरला. बस. कुठे काही नाही, एक रेघसुद्धा नाही. झकास जमलं होतं. मी तिच्याकडे वळून तेवढं म्हणायला हवं होतं. पण मागच्या रांगेत तिची चुलतभावंडं नायकाच्या नावाने खिदळत होती आणि मीही गालातल्या गालात हसलो.

नंतर सगळे आमच्या घरी जेवायला आले. बायकोने वडे-सागोती केली होती. गावाकडे दशावतार झाला की दुसऱ्या दिवशी नटांच्या चुका काढत बसायचं, खरी मजा त्यातच. ती सवय आमच्याबरोबर मुलुंडला आली आहे. सिनेमाची पानावरच चिरफाड सुरू झाली. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गिरणी बंद पडल्यापासून कशालाच चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी वडा मोडत मुलीकडे पाहिलं.

"रात्री जागान तू ह्याच करीत होतंस गो?"

सगळे हसले. तीही हसली आणि मग तिने माझ्याकडे बघितलं.

आमच्यात आपल्या पोराचं कौतुक चारचौघांत करत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. पोर पहिलं आलं तरी बाप म्हणणार, कसलं पहिलं, गणितात गेलेच की मार्क. माझ्या वडिलांनी माझं असंच केलं, त्यांचं त्यांच्या वडिलांनी. उणं काढणं ही आमची माया असते, असं आम्ही स्वतःला सांगतो. पण उणं काढायला आधी उणं असावं लागतं. माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, "आणि त्या उडीत तार राहिलीय. डाव्या खांद्याजवळ. मला दिसली ना."

मोठा हशा झाला. पुतण्या म्हणाला, "वाट लागली."

ती हसली नाही. सुताराने फट कुठे आहे ते विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "कुठे? उडी घेताना, की उतरताना?"

इथे मला थांबता आलं असतं. मस्करी केली गं, एवढं पुरलं असतं. पण दादांसमोर माघार घ्यायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिने ते काम सोडावं असंही मनात होतं. मेव्हण्याने घाटकोपरच्या पतपेढीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. यातलं नेमकं काय त्या क्षणी माझ्या तोंडून बोललं, मला आजही कळत नाही.

"उतरताना," मी म्हणालो.

पान तसंच टाकून उठायचं नाही म्हणून तिने ते संपवलं. भांडली नाही. स्टुडिओत जाऊन तिने ती उडी पुन्हा पाहिली, पुन:पुन्हा पाहिली. तिथे कुणाचीच तक्रार नव्हती. काही नाहीये म्हणून तिला सांगितलं गेलं. ती घरी येऊन बायकोला म्हणाली, बाबांना पळत्या चित्रात दिसली आणि मला थांबलेल्या चित्रात दिसत नाही, म्हणजे माझा डोळाच गेला. मी आत पेपर वाचत होतो. मला सगळं ऐकू आलं.

त्यानंतर तिचं काम संथ झालं. झालेलं पुन्हा तपासायची, तपासलेलं पुन्हा उघडायची. वरचे लोक बोलू लागले. शेवटी तिने स्वतःच सोडलं. आता ती पतपेढीत खिडकीवर बसते. दादा म्हणतात, बरं झालं.

गेल्या रविवारी दुपारी तिने टीव्हीवर तोच सिनेमा लावला. ती अधूनमधून लावते, आवाज बंद करून, थेट उडीपाशी. बायको झोपली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. तार नव्हती, मला काही दिसलं नव्हतं, दादांनी तुला बोललेलं मला लागलं आणि मी तुझ्या बाजूने बोलायचं सोडून खोटं बोललो. एवढ्या वर्षांत मी तिच्याशी एका दमात इतकं बोललो नसेन.

तिने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग आला असता तर मला हवा होता.

"मला बरं वाटावं म्हणून नको रे बोलूस," ती म्हणाली. "होती तार. मला सापडलीय."

तिने चित्र थांबवलं आणि उठून पडद्यावर नायकाच्या डाव्या खांद्याशी बोट ठेवलं. मी चष्मा पुसून जवळ गेलो. तिच्या बोटाच्या आजूबाजूला आभाळ होतं, तिनेच भरलेलं, स्वच्छ.

"इथे काही नाही गं."

"तुला नाही दिसायची आता," ती म्हणाली आणि तिने चित्र थोडं मागे घेतलं.